चाकणमधील रिकाम्या जागा आणि हातात पदवी असलेली मुले
चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या फाटकावर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत’ (म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्राचे चालक) अशी पाटी दिसते आणि त्याच फाटकापाशी मेकॅनिकलची पदवी घेतलेली मुले अर्ज घेऊन ताटकळत असतात. कर्तनवेगाचे, म्हणजे धातू कापण्याच्या वेगाचे, सूत्र त्यांना तोंडपाठ असते. पण मायक्रोमीटरने कापलेल्या भागाचा व्यास शतांश मिलिमीटरपर्यंत मोजून त्याप्रमाणे टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या स्थितीची यंत्रातली नोंद) दुरुस्त करण्यासाठी त्यांतल्या कित्येकांना कोणी यंत्रापाशी उभेच केलेले नसते. यात मुलांचा दोष नाही, असे मला ठामपणे वाटते. कामावरच शिक्षण मिळावे म्हणून १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, तरी काही कारखानदार शिकाऊ उमेदवाराकडे स्वस्त मजूर म्हणूनच पाहतात, आणि कुशल माणूस मिळत नाही ही तक्रारही तेच करतात. शिकवण्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांनीच उचलायला हवा, कारण उत्पादनाचे चालू यंत्र त्यांच्याकडे आहे.