पासवर्ड बदलला, तरी चोर आतच

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. पुण्यात घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करण्याचे काम मी करतो आणि या महिन्यात ज्येष्ठांचे फोन हमखास वाढतात. बहुतेक तक्रारी प्रिंटरच्या नाहीतर अंगठ्याच्या यंत्राच्या असतात. एरंडवण्यातील एका निवृत्त ग्रंथपालांची तक्रार मात्र निराळी होती. त्यांच्या ईमेल खात्यात रात्री परदेशातून कोणीतरी शिरल्याची सूचना आली होती, त्यांनी सकाळी उठताच पासवर्ड बदलला होता आणि दुपारपर्यंत तेच पुन्हा घडले होते. शिवाय त्याच संगणकावर वापरल्या जाणाऱ्या नातीच्या इन्स्टाग्राम खात्यावरून तिच्या मैत्रिणींना क्रिप्टो गुंतवणुकीचे संदेश जाऊ लागले होते.

‘‘काका, पासवर्ड कशावरून बदललात?’’ मी फोनवरच विचारले.

‘‘या आमच्या संगणकावरूनच की.’’

त्यांना राउटरची वायर काढून ठेवायला सांगितले आणि मी निघालो. ज्या यंत्रावर हेरगिरी चालू असल्याची शंका आहे, त्याच यंत्रावर टंकलेला नवा पासवर्ड सुरक्षित मानता येत नाही.

घरी पोहोचल्यावर संगणकाला हात लावण्याआधी काकूंचा फोन मागून घेतला आणि मोबाइल डेटावर काकांचे ईमेल खाते उघडले. नवा पासवर्ड दिला, सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढले (म्हणजे साइन आउट केले), खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक तपासला आणि मग फिल्टर पाहिले. तिथे काकांनी कधीच न केलेला एक नियम होता: बँकेकडून येणारे प्रत्येक पत्र परस्पर कचऱ्यात टाकायचे. तो दिसल्यावर काका गप्पच झाले. लगेच बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून नेट बँकिंग तात्पुरते बंद करवले. पैसे गेलेले नव्हते. गेले असते, तर एक मिनिटही न दवडता आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा राष्ट्रीय क्रमांक फिरवला असता, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवली गेली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.

यानंतर संगणकाकडे वळलो. अँटिव्हायरस चालू होता, अद्ययावत होता आणि त्याच्या अहवालात काहीही नव्हते. काकांनी काही डाउनलोड केल्याचेही दिसत नव्हते. ब्राउझरच्या इतिहासात मात्र आदल्या संध्याकाळी दाखल्याचा अर्ज शोधताना एका जाहिरातीवरून उघडलेले एक अनोळखी पान सापडले. त्याविषयी विचारताच काकांना आठवले, की ‘मी रोबोट नाही’ हे सिद्ध करण्यासाठी त्या पानाने विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबायला, मग कंट्रोल व व्ही आणि शेवटी एंटर दाबायला सांगितले होते.

विंडोज आणि आर दाबल्यावर संगणकाला थेट आज्ञा देण्याची ‘रन’ ही चौकट उघडते. तिच्यात दिलेल्या आज्ञांची नोंद रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील, ‘रनएमआरयू’ या ठिकाणी राहते. ती उघडली आणि सगळा उलगडा झाला. काकांनी ‘मी रोबोट नाही’च्या चौकटीवर टिचकी मारताच त्या पानाने पॉवरशेल या विंडोजच्याच साधनासाठी लिहिलेली एक लांबलचक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो त्या जागी, ठेवली होती आणि कंट्रोल व व्हीने तीच रनमध्ये उतरली होती. तिच्या शेवटी पडताळणीचे वाटावे असे एक निरुपद्रवी वाक्य जोडलेले होते आणि रनच्या अरुंद चौकटीत नेमके तेवढेच दिसत होते. आज्ञा खुद्द वापरकर्त्याने, विंडोजच्याच साधनाने चालवलेली असल्यामुळे अशा वेळी अँटिव्हायरस गाफील राहू शकतो.

अशा रीतीने शिरणारे प्रोग्रॅम बहुधा माहितीचोर असतात. त्यांपैकी ‘लुमा’ या एकट्या प्रोग्रॅमने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातील ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर ते नेतातच, पण त्याहून घातक चोरी कुकीची असते. आपण एकदा खात्यात शिरलो, की संकेतस्थळ ब्राउझरला एक कुकी देते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखीच ती असते, जो दाखवील त्याचे काम होते. ती ज्याच्या हाती पडते, त्याला अनेकदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणूनच सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढणे हे पासवर्ड बदलण्याइतकेच महत्त्वाचे असते, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते.

‘‘स्कॅन करून भागणार नाही का?’’ असे काकूंनी विचारले. भागले असते असे मला वाटत नाही. माहिती पाठवून झाल्यावर असे काही प्रोग्रॅम आपल्या खुणा पुसतात, त्यामुळे स्वच्छ अहवालावर माझा विश्वास बसत नाही. फोटो आणि कागदपत्रे तेवढी बाहेरच्या डिस्कवर घेतली, एकही प्रोग्रॅम घेतला नाही, आणि माझ्या लॅपटॉपवर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसवले.

रोजच्या वापरासाठी सर्वाधिकार नसलेले वेगळे खाते मी नेहमीच करून देतो. त्याने संगणकाची व्यवस्था बिघडवणाऱ्या प्रोग्रॅमना आळा बसतो, मात्र माहितीचोराला सर्वाधिकार लागतच नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड त्याच वापरकर्त्याचे असतात आणि त्याच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम ते वाचण्याचा मार्ग शोधतो. त्यामुळे काकांच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणे बंद केले, जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन बसवले आणि त्या घरात कोणालाही कधी न लागणारी रनची चौकटच रजिस्ट्रीतून बंद केली. आजोबा आणि नात यांची खाती वेगळी केली. हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाणच्या अधिकृत संकेतस्थळाचा बुकमार्क करून दिला, म्हणजे पुढच्या वर्षी शोधयंत्रातील जाहिरातींच्या वाटेला जायला नको.

नातीचे इन्स्टाग्राम खाते परत मिळायला वेळ लागला. चोराने त्यावरचा ईमेल पत्ता बदलला होता, त्यामुळे तिला ओळख पटवण्यासाठी चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवावा लागला. तोवर तिने प्रत्येक मैत्रिणीला फोन करून कळवले. संगणक पुसण्यापूर्वी मी त्या आज्ञेचे आणि ब्राउझरच्या इतिहासातील पत्त्याचे फोटो काढून ठेवले होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवताना काकांनी ते दोन्ही जोडले.