किचनची कोटेशनं आणि ‘सर कधी येतील?’

मला घासाघीस जमत नाही. तुळशीबागेत कानातल्यांचे तीनशे सांगितले की मी पर्समधून तीनशे काढते आणि मागून सासूबाई ‘दीडशेला दे रे’ म्हणत माझा हात धरतात. त्यामुळे कोथरूडच्या आमच्या जुन्या किचनचं काम निघालं तेव्हा मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, भाव करायचा नाही. तिघांना एकच कागद द्यायचा, तिघांनी एकेकदाच आकडा सांगायचा, त्यातून एक निवडायचा.

कागद करण्यात एक अख्खा रविवार गेला. ओट्याखाली 11 फूट, वरची कपाटं 8 फूट. 18 मिमी प्लाय, आयएस 710 चाच (म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं सरकारी मानक). बाहेरून 1 मिमी लॅमिनेट. बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज, कंपनीचं नाव लिहून. तीन टँडम ड्रॉवर, म्हणजे खाली लपलेल्या रुळांवर सरकणारे. जुनं फर्निचर कोण काढून नेणार तेही. जीएसटी वेगळा दाखवा. आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘मी भाव करणार नाही. द्याल तो आकडा शेवटचा धरीन. सर्वांत कमी आकड्यालाच काम देईन असं नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत पाठवा.’

टिंबर मार्केटमधल्या ओळखीतून आलेल्या सुतारकाकांनी आणि कर्वेनगरच्या एका कॉन्ट्रॅक्टरने शनिवारच्या आत आकडे पाठवले. तिसरं होतं बाणेर बाजूचं एक शोरूम. त्यांनी माझे तीन आठवडे खाल्ले.

पहिल्या भेटीत कॉफी आली, कॅटलॉग आले, टीव्हीवर कोणाचं तरी चकचकीत किचन गोल गोल फिरलं. माझा कागद टेबलावर पालथा पडलेला. ‘मॅडम, तुमचं बजेट काय आहे?’ मी म्हटलं, कागदावर सगळं आहे, तुम्ही किंमत सांगा. (बजेट सांगू नका. सांगितलं की कोटेशन बरोबर त्याच्यापेक्षा दहा हजारांनी वर येऊन बसतं. पंख्याच्या दुकानातसुद्धा हेच.) मग पुढचा प्रश्न, ‘सर कधी येतील? सरांना घेऊन या, स्पेशल रेट काढू.’ आमचे सर घरी दूध उतू घालवत होते. किचन मी वापरते, पैसे मी भरणार होते, कागद मी लिहिला होता. हे सांगितलं तर तो मुलगा हसला आणि म्हणाला, ‘बरोबर आहे मॅडम, पण फायनल सरच करतात ना.’

आठ दिवसांनी कोटेशन आलं. एकच ओळ: मॉड्युलर किचन, प्रीमियम, 3,12,000. प्लाय कुठला, बिजागऱ्या किती, काही नाही. मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटावरचा दर आला. विचारलं, यात ड्रॉवर धरलेत का? ‘मॅडम, त्या ॲक्सेसरीज.’ वरची कपाटं? ‘ती वेगळी.’ म्हणजे दर होता नुसत्या खालच्या खोक्यांचा. कोणी रनिंग फुटात बोललं, कोणी चौरस फुटात, की आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही उपयोग नसतो. सगळं जमेस धरून एक बेरीज मागायची.

तिसऱ्या भेटीत तो ‘साहेबांशी बोलून येतो’ म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेला. केबिन रिकामी होती. तो पाच मिनिटं मोबाइल बघत उभा राहिला, मला इथून सगळं दिसत होतं. बाहेर येऊन म्हणाला, ‘साहेब नाहीच म्हणत होते, पण तुमच्यासाठी 2,60,000. आजच टोकन दिलं तर.’ मी उठले. घरी पोचेपर्यंत फोन, 2,35,000. दोन दिवसांनी, ‘बिल नको असेल तर 2,05,000 मध्ये बसवतो.’ बिल नसेल तर उद्या दार लोंबलं की मी कोणता कागद दाखवू?

आणि घरचे! नवरा म्हणाला, ‘दोन-पाचला मिळतंय तर घे की.’ सासूबाईंना तर चेवच आला. ‘अगं, थांब, अजून उतरेल!’ मला उतरवायचंच नव्हतं. पहिल्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर वरचे एक लाख सात हजार त्याने कशाचे घेतले असते, एवढंच मला कोणीतरी सांगा. शेवटी मी ‘नको, काम दुसरीकडे दिलं’ असं लेखी कळवलं. त्यावरही उत्तर आलं, ‘कितीला दिलं मॅडम?’ ते सांगू नका. सांगितलं की पुन्हा सुरू.

काम कर्वेनगरला दिलं, जीएसटीसकट 2,10,000. सुतारकाका पंचवीस हजारांनी स्वस्त होते, पण त्यांनी आयएस 710 च्या जागी नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लिहिलं होतं, आणि आयएस 303 मधला बीडब्ल्यूआर प्लायसुद्धा (मरीनपेक्षा खालच्या दर्जाचा) बाजारात त्याच नावाने खपतो. कर्वेनगरवाल्यांनी बिजागऱ्यांची संख्या लिहिली होती, शिवाय ‘चिमणीच्या पाइपचं भोक यात धरलेलं नाही’ अशी ओळ. काय नाही ते आधी सांगणारा माणूस मला आवडला. प्लाय आला तेव्हा शिक्क्यावरचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, मी मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहिला, जुळला. तो माणूस जरा दुखावला, पण बोलला नाही.

हो, पैशांचे टप्पे आधीच लिहून घ्या, हे वरच सांगायला हवं होतं. शेवटचे दहा टक्के मी दारं नीट बसल्यावरच दिले.

चूक माझीही झाली. खालची स्कर्टिंग कागदात लिहायला विसरले. त्याने पट्टी कापायच्या आधी विचारलं, 3,500 होतील. मी लगेच हो म्हणून पैसे मोजायला आत गेले. बाहेर आले तर सासूबाई त्याच्यासमोर उभ्या.

‘तीन हजार घ्या हो.’

त्याने घेतले.