बऱ्याच दिवसांनी म्हणे

आज चर्चमधली उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, "अरे वा, बऱ्याच दिवसांनी! बरं वाटलं हं बघून." मी हसले. थँक्यू साहेब म्हटलं. बारकं कडेवर, त्याचा एक बूट माझ्या हातात, दुसरा कुठे पडला ते शोधायला म्हणून तर मी त्या मोठ्या दाराकडे गेले होते, एरवी आम्ही साइडच्या गेटनेच सटकतो. मागे रांग होती, पुढे सरकले. झालं एवढंच. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, ओटा पुसून झाला, मूग भिजत घातले, आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

बऱ्याच दिवसांनी म्हणजे काय. मी दर रविवारी असते. लग्नसराईत असते, पावसात असते, बारक्याच्या दाताच्या तापात पण क्रोसिन पाजून नेलाय त्याला. फक्त आत नसते. व्हरांड्यात असते.

अहोंना सांगितलं तर म्हणाले अगं एवढी मंडळी असते, साहेबांनी कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं, तू फार विचार करते. बरोबर आहे. त्यांचं नेहमी बरोबरच असतं आणि तोच त्रास आहे. ते क्वायरमधे उभे असतात, पांढरा शर्ट घालून, सगळ्या चर्चला दिसतील असे. मीही होते क्वायरमधे. तो विषय नको आता.

मला रागसुद्धा आला नाहीये खरं तर. साहेब प्रेमाने बोलले. रागावण्यासारखं काहीतरी असतं तर बरं झालं असतं, रागावून झोपले असते.

आमचा रविवार शनिवारीच सुरू होतो हे कुणाला दिसत नाही. थोरलीचं शब्बाथ शाळेचं (चर्चमधल्या मुलांच्या वर्गाचं) सुवर्णवचन पाठ करून घ्यायचं, ते ती अध्याय आणि ओवीसकट धडाधड म्हणते पण "म्हणजे काय गं" विचारलं की टीव्हीकडे बघते, मग फ्रॉक, मग बारक्याचा शर्ट ज्याची बटणं तो खातो, मग अर्पणासाठी दहादहाच्या नोटा, कारण नाणं दिलं की बारकं तोंडात घालतं, आणि सकाळी उठून मटणाला आलं लसूण हळद लावून ठेवायचं म्हणजे आल्यावर कुकर लावता येतो, त्यात आई, म्हणजे सासूबाई, म्हणणार की आमच्या वेळी मुलं उपासनेत एका जागी बसायची. बसत असतील. मी वाद घालत नाही, मला वेळेवर निघायचं असतं. एवढं सगळं करून रिक्षातून उतरायचं, पहिलं गीत होईपर्यंत आत बसायचं, आणि शास्त्रवाचन सुरू झालं की बारकं त्या शांततेत मोठ्याने विचारणार, "संपलं?" मग मागच्या बाकावरून दोन माना वळतात. कुणी काही बोलत नाही. उठायचं आणि बाहेर यायचं.

बाहेरून उपदेश कधी कळत नाही, त्याची चाल कळते. आवाज चढला की दुसरा मुद्दा आला, एकदम खाली आला की काहीतरी रडवणारं उदाहरण, आणि "शेवटी" असं म्हणाले की अजून पंधरा मिनिटं आहेत. गीतं मात्र छान येतात. कवी रेव्हरंड टिळकांचं गीत असलं की तबला आणि पेटी खिडकीतून आपल्याकडेच येतात असं वाटतं, वर बायकांचे आवाज, पुरुषांचे सगळे तबल्यात बुडतात. मी बारक्याला झोका देत देत म्हणते. पुस्तक लागत नाही. नगरमधे वाढलेल्या कुणालाच नाही लागत, नारायण वामन टिळकांनी 1895 मधे बाप्तिस्मा घेतला तो जणू आमच्याच घरात घेतला अशा थाटात आमचे आजोबा सांगायचे. (पत्त्यात आता अहिल्यानगर लिहितो, शाळेच्या फॉर्मवर पण, तोंडात नगरच येतं.)

पण गीत म्हटलं तरी ते आतल्यांबरोबर म्हटलं असं मोजतात का? हेच मला छळतंय. आज मध्यस्थीची प्रार्थना मी पूर्ण ऐकली, बारकं मुंग्या बघत होतं म्हणून. आजारी आले, विधवा आल्या, परीक्षेला बसणारे, परदेशी गेलेले, बॉर्डरवरचे जवान, शेतकरी, पाऊस तर आमच्याकडे येतोच प्रत्येक प्रार्थनेत, दुष्काळी जिल्हा आहे, सरकार पण आलं. व्हरांड्यातल्या आल्या नाहीत. मी वाट बघत होते असं नाही. बघत होते थोडी.

आणि मग दारात "बऱ्याच दिवसांनी".

म्हणजे माझे ते सगळे रविवार कुठे गेले? वहीत कुठे चढलेच नाहीत का? देवाच्या वहीत असतील, असं आई म्हणतील, आणि ते खरंही असेल, पण मला आज देवाच्या वहीने बरं वाटत नाहीये, मला माणसांच्या वहीत असायचं होतं. मम्मी असती तर फोन केला असता तिला. असो.

आजीचं आठवलं. ती नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याकडची. तिच्या लहानपणी देवळात बाकं नव्हती, सतरंज्या अंथरायचे, देऊळच म्हणायची ती, चर्च नाही. पोरं मांडीवर झोपायची, मागे रांगायची, अंगावर पाजता पाजता बायका अभंग म्हणायच्या आणि कीर्तन असलं की रात्र रात्र चालायचं. बाहेर कुणाला जावं लागायचं नाही कारण आत बाहेर असं काही फार नव्हतंच. आपण बाकं आणली, पंखे आणले, माइक आणला, आता प्रोजेक्टर पण आलाय, आणि दोन वर्षांचं पोर ठेवायला जागा राहिली नाही. बाकावरून पोर पडतं. सतरंजीवरून कुठे पडणार.

हे लिहिताना डोळ्यात पाणी आलं होतं, खरं सांगते. स्वतःची फार दया आली. मस्त वाटत होतं.

तेवढ्यात संध्याकाळचं आठवलं आणि सगळा मूड गेला.

संध्याकाळी थोरली चर्च चर्च खेळत होती. सोफ्याच्या उशा म्हणजे बाकं. टेडी, दोन बाहुल्या, एक हात तुटलेला स्पायडरमॅन अशी मंडळी. माझी ओढणी गळ्यात घालून ती स्वतः पाळक. आजीला बसवलं पहिल्या बाकावर, पप्पांना म्हणाली तुम्ही क्वायर. मी गेले कौतुकाने आणि टेडीच्या शेजारी बसले तर म्हणते, "आई तू नाही. तू बाल्कनीत. बाळाला घेऊन जा, तुझी जागा तिकडे असते."

आई हसल्या, अहो हसले. मी गेले बाल्कनीत. काय करणार, पाळक सांगतायत.

तिकडे कुंडीशेजारी उभी राहून मला आधी वाईट वाटलं आणि मग हळूहळू मजाच वाटायला लागली. कारण त्या पोरीने मला वगळलं नव्हतं. तिच्या चर्चमधे व्हरांडा होता. कुणीतरी तिथे असल्याशिवाय तिची उपासना सुरूच होत नव्हती, बारकं आत पळालं तर तिने उपदेश थांबवून त्याला परत बाहेर पाठवलं, "तुझी लाइन अजून नाही आली, तू संपलं म्हणायचं असतं." म्हणजे बारक्याला डायलॉग आहे! मला नाही, पण मी स्टेजवर आहे.

आणि मग विचार केला की व्हरांड्यात आम्ही किती जण असतो. बँकेतली ती जुळ्यांची आई, तिच्याकडे कायम राजगिऱ्याचे लाडू असतात. खोकल्याची उबळ आली की बाहेर येणारे आणि मग परत आत न जाणारे आजोबा. कन्फर्मेशन झालेली दोन पोरं, मोबाइलवर, आम्ही बघितलं की बायबल अॅप उघडतात. वॉचमनकाका, ते वारकरी आहेत, आषाढीला सुट्टी घेतात, पण टिळकांचं गीत लागलं की पायाने ताल धरतात आणि बारक्याला टाळ्या वाजवायला त्यांनीच शिकवलं. टिळकांनी 1917 मधे मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे चालायचे. आमच्या व्हरांड्याला कुणी तसं नाव देणार नाही. पण मंडळी तशीच आहे.

शिवाय डिकनकाका. ते मी रडताना सोयीस्कर विसरले होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं तेव्हा आतले सगळे झाले की ते ट्रे घेऊन बाहेर येतात. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा तो अंगठ्याएवढा पेला. कधी एक कमी पडला नाही की एक उरला नाही, म्हणजे आत वाढतानाच बाहेरचे मोजून ठेवलेले असतात त्यांनी. बारकं दर वेळी "मला ज्यूस" म्हणून पेल्यावर झडप घालतं, ते तेवढ्याच गंभीर चेहऱ्याने ट्रे वर उचलतात, आणि मी डोळे मिटून, एका हाताने पोराचं मनगट धरून, जेवढं पवित्र राहता येईल तेवढं राहते. आत बसून घेतलेलं मला एकही इतकं लक्षात नाही.

साहेबांना सांगावं का, की मी असते म्हणून? आधी वाटलं सांगावं. मग वाटलं सांगितलं तर ते पुढच्या रविवारी माइकवरून म्हणतील की आपल्या काही भगिनी बाहेर बसतात, आणि मग महिला मंडळाची मीटिंग होईल, आणि आम्हाला काच लावलेली एक खोली मिळेल, स्पीकरसकट. स्पीकरवर अख्खा उपदेश ऐकावा लागेल. नको. जूनपासून बारक्याला शब्बाथ शाळेच्या बालवर्गात घेणार आहेत, मग तसंही मला आत जाऊन नीट बसावंच लागणार, आणि पंधरा मिनिटांचं "शेवटी" समोरून सहन करायचं.

आत्ताच्या कौटुंबिक प्रार्थनेत आई सगळ्या नातेवाइकांची नावं घेत होत्या, धुळ्यापर्यंत पोचल्या होत्या, तर बारक्याने मधेच खणखणीत आमेन म्हणून टाकलं. सगळे उठलो. आई चिडल्या नाहीत चक्क.

झोपताना अहोंना म्हटलं, पुढच्या रविवारी तुम्ही बाहेर उभे राहा, मी क्वायरमधे उभी राहते, गीतं मला पाठ आहेत. ते गंभीर झाले. म्हणाले अगं पण बेस कमी पडेल. म्हटलं काळजी करू नका, बेस बाहेर कधी ऐकूच येत नाही.