जिन्याजवळची खोली

माणसांचे संबंध कसे जुळतात आणि कसे वाढतात, याविषयीच्या बहुतेक सिद्धांतांमध्ये माणूस निवड करतो हे गृहीत धरलेले असते. तो समोरच्याचा स्वभाव पाहतो, आवडीनिवडी ताडून पाहतो, या नात्यातून काय मिळेल आणि काय मोजावे लागेल याचा मनाशी हिशेब करतो, आणि मग एखाद्याला जवळ करतो. माझे बालपण गिरगावातील एका चाळीत गेले असल्यामुळे या गृहीतकावर माझा कधीच पूर्ण विश्वास बसला नाही. तुझ्या मैत्रिणी तू कशा निवडल्यास, असे कोणी विचारले तर मी जिन्याकडे बोट दाखवीन.

या जिन्याला शास्त्राचा आधार आहे, हे मला फार उशिरा कळले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने युद्धावरून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली होती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन समाजमानसशास्त्रज्ञांनी तेथील कुटुंबांना, तुमचे उठणे-बसणे कोणाशी असते, असे विचारले आणि १९५० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वसाहतीच्या एका भागात दुमजली इमारती होत्या, प्रत्येक मजल्यावर ओळीने पाच घरे होती, आणि कोणाला कोणते घर मिळेल हे बहुतांशी रिकाम्या जागेवर ठरत असे. एकाच मजल्यावर लागून असलेल्या शेजाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना मित्र म्हटले गेले, मध्ये एक घर आले की हे प्रमाण २२ टक्क्यांवर उतरले आणि दोन टोकांच्या घरांमध्ये ते १० टक्के राहिले. ही दोन टोके एकमेकांपासून शंभर फूटसुद्धा दूर नव्हती.

मला मात्र त्या टक्क्यांपेक्षा त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुटुंबांचे वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त मित्र होते, कारण वरची माणसे येता-जाता त्यांच्या दारावरूनच जात. याउलट, ज्यांच्या घराचे तोंड अंगणाऐवजी रस्त्याकडे होते, त्यांची मैत्री निम्म्याहूनही कमी भरली. म्हणजे अंतर केवळ फुटांत मोजून भागत नाही. रोजच्या वाटा कोठे एकमेकींना छेदतात हे पाहावे लागते. आमच्या चाळीत हे काम जिना आणि सामाईक नळ मिळून करीत. पहाटे पाणी येण्याच्या वेळी जिच्या बादलीमागे आपली बादली, तिच्याशी आईची मैत्री, हे इतके उघड होते की त्याला सिद्धांत म्हणावे असे कोणालाही वाटले नसते.

अर्थात एक गोष्ट विसरता कामा नये. वेस्टगेटमध्ये सारे एका वयाचे, एका संस्थेचे आणि जवळपास सारख्याच परिस्थितीतले होते. आमच्या चाळीतही खोल्या चिठ्ठ्या टाकून मिळालेल्या नव्हत्या. खोली मिळवून देणारा बहुधा गाववाला, नातेवाईक किंवा जातवालाच असे. जिना निवड करीत असे हे खरे, पण जिन्यापर्यंत कोणाला येऊ द्यायचे हे आधीच ठरलेले असे.

नाते जुळल्यानंतर ते वाढते कसे, याविषयी अर्विन ऑल्टमन आणि डॅल्मस टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेला सिद्धांत कांद्याच्या उपमेने समजावला जातो: आधी वरवरची माहिती द्यायची, मग समोरच्याने तितकेच उघडे केले की आणखी एक पापुद्रा काढायचा, आणि असे करीत गाभ्यापर्यंत जायचे. या मांडणीत, आपल्याविषयी काय सांगायचे हे आपल्याच हाती असते. चाळीत ते नसे. भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारच्या काकांची नोकरी गेल्याचे त्यांनी सांगण्यापूर्वीच आम्हाला ठाऊक होते, आणि ठाऊक नसल्यासारखे वागणे हीच तेथील जवळीक होती. शिवाय काका, काकू, आजी ही नावे पहिल्याच दिवशी मिळत. नाते आधी जाहीर होई आणि ओळख मागाहून सावकाश होई. मराठीत खरा टप्पा ओळखायचा तर ‘अहो’ कधी गळून पडले, ते पाहावे. आईचे आणि नळावरच्या त्या मैत्रिणीचे ‘अहो’ अकरा वर्षांनी, एका बाळंतपणात गळून पडले.

सहवासातून केवळ मैत्रीच वाढते, असेही नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका पाहणीत असे आढळले की, लोकांचे नावडते शेजारी तर मित्रांपेक्षाही जवळ राहत होते, कारण गोंगाट आणि घाण यांचा उपद्रव लांबच्याकडून होत नाही. आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून दोन बिऱ्हाडांमध्ये जो अबोला धरला गेला, तो एका लग्नापर्यंत टिकला.

आता मी ठाण्यात अठराव्या मजल्यावर राहते. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली असा अंदाज मांडला की, साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि घट्ट मैत्री व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. लिफ्टमध्ये एका खेपेला अर्धा मिनिट मिळतो, आणि तोही मजल्यांचे आकडे बघण्यात जातो. चार वर्षांत माझ्या मजल्याबाहेरच्या दोघीच जणी मला नावाने ठाऊक झाल्या. दोघीही भेटल्या त्या खाली वॉचमनच्या केबिनमध्ये, पार्सलांच्या ढिगात आपापले खोके शोधताना.