तिमोरासो: तापमान, वय आणि ताटातील जोडी

इटलीच्या पिएमोंते प्रांतातील तोर्तोना शहराभोवतीच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या तिमोरासो या दुर्मीळ द्राक्षवाणाच्या ड्राय (गोडवा नसलेल्या) व्हाइट वाइनचा अभ्यास या टप्प्यात बराच पुढे सरकला आहे. आता एक निष्कर्ष ठामपणे नोंदवतो: ही वाइन पांढरी असली, तरी तिचे तापमान, मुरवण आणि जेवणातील जोडी ठरवताना बव्हंशी रेड वाइनचाच हिशेब लावावा लागतो.

या वाणाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. फिलॉक्सेरा या द्राक्षवेलीच्या किडीने बागा उद्ध्वस्त केल्यानंतर नव्याने लागवड झाली, तेव्हा येथील बागायतदारांनी तिमोरासो सोडून भरघोस पिकणाऱ्या कोर्तेझे या पांढऱ्या द्राक्षवाणाला पसंती दिली, आणि त्यासाठी त्यांना बोल लावता येणार नाही. तिमोरासोची फळधारणा बेभरवशाची असते, फुलोऱ्यात गळ होते, एकाच घडात टपोरे आणि बारीक मणी शेजारी शेजारी दिसतात आणि पावसाळी हंगामात घड कुजण्याचा धोकाही राहतो. मोंलेआले येथील वाइन उत्पादक वॉल्टर मास्सा यांनी 1980 च्या दशकात हा जवळजवळ विसरला गेलेला वाण पुन्हा हाती घेतला आणि 1987 च्या तोडणीपासून निव्वळ तिमोरासोची वाइन बनवायला सुरुवात केली. आज व्हिएत्ती, रोआन्या यांसारख्या बारोलोच्या (पिएमोंतेतीलच प्रसिद्ध रेड वाइनच्या भागातील) नामांकित उत्पादकांनीही येथे बागा घेतल्या आहेत. यात नवल नाही, कारण बारोलोच्या काही भागांत आढळणारी चुनखडीयुक्त चिकण मार्ल माती येथेही आहे. भूगर्भशास्त्रातील ‘तोर्तोनियन’ या कालखंडाला नावही याच शहरावरून मिळाले आहे. बाटलीवर ‘देर्तोना’ हे तोर्तोनाचे रोमन काळातील नाव दिसले, तर आत तिमोरासोच आहे असे समजावे.

आता मुख्य नोंदी. एकाच उत्पादकाची तरुण बाटली प्रथम 8 अंश सेल्सिअसला चाखली, तेव्हा लिंबाची साल, कच्चा पेअर आणि दात आंबवणारी आम्लता यांपलीकडे फारसे काही हाती लागले नाही, आणि शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा राहिला. तोच पेला 13 अंशांपर्यंत येऊ दिल्यावर मध, सुकी कॅमोमाइल आणि कच्चा बदाम हळूहळू वर आले; कडवटपणा गेला नाही, पण तो आता बदामाच्या सालीसारखा वाटू लागला आणि वाइनचा मूळचा भरदारपणा प्रथमच जाणवला. अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास असल्याने 15 अंशांच्या वर मात्र ते नाकाला टोचू लागते, म्हणून 12 ते 14 अंश हा पट्टा मी पक्का धरला आहे. पेलाही अरुंद न घेता मोठ्या पोटाचा घ्यावा.

वयाच्या बाबतीत चित्र आणखी स्पष्ट आहे. काही वर्षे बाटलीत राहिलेल्या तिमोरासोला रीसलिंग या पांढऱ्या वाइनप्रमाणेच पेट्रोलची आठवण करून देणारा वास येतो. द्राक्षातील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून तयार झालेली संयुगे बाटलीत सावकाश बदलत जातात आणि त्यांतून टीडीएन हा रेणू निर्माण होतो, त्याचा हा परिणाम. पुष्कळांना तो दोष वाटतो, मला तो आवडतो; पण त्याने मधाचा वास झाकला जाऊ लागला, की बाटली आणखी ठेवण्यात अर्थ उरत नाही, असे माझे मत झाले आहे.

जेवणाच्या जोडीत या वाइनला स्निग्धता लागते. याच परिसरातील मोंतेबोरे हे गाईच्या दुधात काही प्रमाणात मेंढीचे दूध घालून केलेले, एकावर एक चढत्या थरांचे चीज तिच्याबरोबर अप्रतिम लागले: चीजचा खारटपणा वाइनची आम्लता सौम्य करतो आणि वाइन पुढच्या घासासाठी तोंड स्वच्छ करते. लोण्यात घोळवलेली, मांसाचे सारण भरलेली आन्योलोत्ती (एक पास्ता) आणि ट्यूना-अँचोव्हीच्या सॉसमधील गार वासराचे मांस, म्हणजे व्हितेल्लो तोन्नातो, यांच्यासमोरही ती दबली नाही. व्हितेल्लो तोन्नातोतील केपर्सनी (खारवलेल्या कळ्यांनी) तरुण बाटली अधिक धारदार केली, मुरलेल्या बाटलीने मात्र ते सहज सामावून घेतले. पांढऱ्या ट्रफल या उग्र वासाच्या भूमिगत बुरशीबरोबर तर मुरलेलीच बाटली हवी, कारण तरुण वाइनचे लिंबू ट्रफलच्या वासाशी भांडते.

कच्च्या कालवांबरोबर ती सपशेल फसली. कालवांची नाजूक चव तिच्या वजनाखाली पार हरवली. तेथे कोर्तेझेपासून बनणारी ‘गावी’ ही हलकी वाइनच बरी. टोमॅटोच्या सॉसचा आंबटपणाही तिच्या आम्लतेत भर घालतो, म्हणून तो मार्ग सध्या बंद केला आहे.

पुढील टप्प्यात स्टीलच्या टाकीत आणि लाकडी पिंपात मुरवलेली तिमोरासो एकाच वर्षाची घेऊन, मोंतेबोरेच्या ताज्या आणि पिकलेल्या अशा दोन्ही तुकड्यांबरोबर, 13 अंशांवर समोरासमोर चाखायची आहे.