आठ जणांची भिशी, आठ गाड्या : चौथी नोंद

मारुती इको व्हॅनच्या इंजिनावर आम्ही आठ जण ज्या आठ स्वस्त शर्यतीच्या गाड्या बनवतोय, त्यातली नमुन्याची पहिली गाडी चालली. स्वतःच्या ताकदीवर, न ढकलता. अंबरनाथला एका बंद कारखान्याच्या आवारात, मालकाच्या परवानगीने, साधारण पाऊण तास. वेग विचारू नका, दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला जागाच नव्हती. आठही जणांनी आळीपाळीने चालवली आणि उतरल्यावर प्रत्येकाच्या तोंडी तेच: "अरे, वळते काय ही!" आयुष्यभर ज्या इंजिनाला आपण शाळेची पोरं आणि गॅसचे सिलिंडर वाहताना पाहिलं, ते इतक्या हलक्या सांगाड्यात घातल्यावर असं वागेल यावर माझा स्वतःचाही पूर्ण विश्वास नव्हता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. लोटसने १९५७ साली सेव्हन आणली : उघडी, दोन सीटची, दारं नाहीत, पुढची चाकं अंगाबाहेर. १९७३ पासून ती केटरहॅमकडे आहे आणि तिच्या नकला जगभर घराघरांत बनतात. आमचीही तशीच एक. ब्रिटनमधला ७५० मोटर क्लब १९३९ साली निघाला, तो गरिबांच्या शर्यती भरवतो. त्यांच्या लोकॉस्ट मालिकेत चौकोनी पाइपची चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणि फोर्डचं जुनं १३०० सीसी क्रॉसफ्लो इंजिन एवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या मागे लागलेली आहेत. आपल्याकडेही हे अगदीच नवं नाही. कोईम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती उभी केली आणि नारायण कार्तिकेयन त्याच गाड्यांतून पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेला. आम्हाला कुणाला फॉर्म्युला वनला पाठवायचं नाहीये. आठ पगारदार आणि छोट्या धंद्यातल्या माणसांना वर्षातून तीन-चार वेळा बायकोशी न भांडता शर्यत लावता यावी, एवढंच.

इको का, हे प्रत्येक जण विचारतो. कारण तिचं इंजिन लांबीत बसतं, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि ताकद मागच्या चाकांना. सेव्हनला नेमकी हीच मांडणी लागते. २०२२ पर्यंतच्या गाड्यांत ११९६ सीसी, ७३ बीएचपी. २०१० पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारात ठोकलेल्या इकोचं पोट हवं तेव्हा मिळतं. जिप्सीचं १३०० सीसी इंजिन आम्हालाही खुणावत होतं, पण जिप्सीवाल्यांनी भाव असा चढवून ठेवलाय की जुन्या गिअरबॉक्सच्या पैशात आमचं अर्धं काम होतं. आमच्या आठांतल्या गिरगावच्या काकांनी गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मचा विषय काढला होता. गाडी गोड, फायबरची, हलकी. पण ताकद पुढच्या चाकांना, आणि आठ सॅन स्टॉर्म जमवायच्या तर शर्यतीऐवजी संग्रहालय काढावं लागेल.

इंजिन घेताना एक चूक आम्ही केली, तुम्ही करू नका. ज्या गाडीचं इंजिन घ्याल तिची चावी, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि वायरिंगचा अख्खा गुच्छ सोबत घ्या. आम्ही इंजिन एका गाडीचं आणि ईसीयू दुसऱ्या गाडीचा आणला. इमोबिलायझरने (चोरी टाळण्यासाठी अनोळखी जोडीला इंजिन सुरू न करू देणारी यंत्रणा) तीन रविवार आम्हाला ओळखच दाखवली नाही. शेवटी पहिल्या दुकानात परत जाऊन मूळ ईसीयू शोधला. तो एका प्लास्टिकच्या बादलीत, चाळीसेक भावंडांत पडला होता. वायरिंगचा गुच्छ मी लोकलच्या लगेजच्या डब्यातून वसईपर्यंत आणला. समोरच्या भाजीवालीने विचारलं, "भाऊ, एवढी वायर चोरली कुठनं?"

आता वाकड्या चॅसिसबद्दल. मागच्या नोंदीत "किंचित फरक" असं मोघम लिहिलं होतं. खरं सांगायचं तर कर्णांच्या मापात ११ मिलिमीटरचा फरक होता. पाइप २५ बाय २५ चा, १.६ मिलिमीटर जाडीचा. मीटरला सव्वा किलोच्या आत बसतो आणि अख्ख्या सांगाड्याला साधारण ४५ मीटर लागतो, म्हणजे चॅसिस पन्नास-पंचावन्न किलोची. इतका पातळ पाइप उष्णतेने ओढला जातो. आमच्या मिस्त्रींनी डावी बाजू पूर्ण वेल्ड केली, चहा घेतला आणि मग उजवीकडे वळले. दोष त्यांचा नाही. ते आयुष्यभर ग्रिल आणि शेडची कामं करत आले, आणि ग्रिल ११ मिलिमीटरने वाकडी झाली तर चोराचं काही बिघडत नाही. आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, माप घ्यायचं, मग एक सांधा इकडचा, एक तिकडचा, समोरासमोर, थंड होऊ देत, हे आम्हीच त्यांना आधी सांगायला हवं होतं. सात सांधे कापून परत जोडले. तेवढ्यात चतुर्थी आली, मिस्त्री मालवणला गेले आणि गौरी-गणपती आटोपून बावीस दिवसांनी उगवले. दरम्यान वालीवच्या गाळ्यात पावसाच्या ओलीने उघड्या लोखंडावर तांबूस साय धरली ती वेगळी.

त्यातून एक चांगलं झालं. जिग, म्हणजे वेल्डिंग करताना पाइप जागच्या जागी धरणारा साचा, आता खरंच जिग आहे. आय-सेक्शनच्या दोन तुळया, त्यावर बोल्टने बसणारे तेवीस ठोकळे, आणि प्रत्येक पाइपची जागा ठरलेली. आठही चॅसिस यावरच बनणार. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सगळ्यात मोलाची वस्तू गाडी नव्हे, ही जिग आहे. दसऱ्याला झेंडूचं तोरण गाडीला बांधायचं की जिगला यावर वाद झाला. जिगला बांधलं.

वजन. भिवंडीच्या वजनकाट्यावर नेण्याचा आचरटपणा आम्ही केला. काटेवाल्याने गाडीकडे बघून "बाकीचा माल कुठाय?" असं विचारलं. तिथे आकडा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे उपयोग शून्य. मग डोंबिवलीच्या मेंबरने युक्ती काढली. घरातले माणसांचे चार डिजिटल काटे आणले, प्रत्येक चाकाखाली एक, वर प्लायचा तुकडा. या काट्यांची क्षमता १८० किलोपर्यंत असते आणि आमच्या एका चाकावर ड्रायव्हर बसवूनही १६० च्या वर काही येत नाही. मारुती ८०० चढवली असती तर काटे चेपले असते. रिकामी गाडी भरली ५२५ किलो, म्हणजे टनाला जवळजवळ १४० बीएचपी. चारही कोपऱ्यांचं वजन वेगळं कळतं हा वरचा फायदा. पुढचं डावं चाक ९ किलोने जड निघालं, कारण बॅटरी तिकडे आहे. ती आता सीटमागे जाईल.

इथवर मजेचा भाग. खरी डोकेफोड नियमांची चालली आहे आणि गेल्या चार महिन्यांतले निम्मे रविवार त्यातच गेले. आमचा नमुना दोन लाख चाळीस हजारांत उभा राहिला. पण ही मालिका दुसऱ्या वर्षी जिवंत राहील की नाही, हे शर्यतीगणिक किती खर्च होतो त्यावर ठरेल. पहिल्या वर्षी एकाने चांगले टायर घातले की पुढच्या वर्षी सगळ्यांना घालावे लागतात, मग एकाने ताकद वाढवायला इंजिनाचं हेड आतून कोरून घेतलं की सगळ्यांनी, आणि तिसऱ्या वर्षी दोन पैसेवाले एकटेच गोल फिरत असतात. त्यामुळे प्रत्येक बैठकीत आम्ही कुणाच्या तरी चांगल्या कल्पनेला नाही म्हणतो.

टायरवर सगळ्यात कमी भांडण झालं. १३ इंची, बाजारातला साधा, एकाच कंपनीचा, एकाच मापाचा, वर्षाला सहा नग, त्यावर आमचा शिक्का. गाडी इतकी हलकी की कडक रबराचा टायर झिजतच नाही. पकड कमी, पण सगळ्यांना सारखीच कमी. ठाण्याचा मेंबर शर्यतीत पूर्वी काम केलेला माणूस. त्याने लगेच सांगितलं की लोक नव्या टायरचं रबर घासून पातळ करतात, कारण नक्षी उथळ असली की टायर कमी लचकतो. म्हणून नव्या टायरची खोली पहिल्याच दिवशी मोजून नोंदवायची, असं कलम घातलं.

इंजिनाचं सील ही कल्पना काकांची. टॅक्सीच्या मीटरला तार ओवून शिशाचं सील ठोकतात ना, तसंच हेड आणि सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) बोल्टला. भायखळ्याला मीटरचं काम करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून सील दाबायचा चिमटाही ते घेऊन आले. सम्पच्या आत तेल अडवणारी पट्टी घालायला मात्र परवानगी आहे, घालणं सक्तीचंच आहे. कारण इको अशा जोराने वळण्यासाठी बनवलेलीच नाही. लांब वळणावर तेल एका बाजूला चढलं आणि पंपाने हवा ओढली की बेअरिंग गेलीच. सील ठोकायच्या आधी पट्टी, हा क्रम विसरू नका.

ईसीयूचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. शर्यतीच्या सकाळी आठही ईसीयू, आमच्याच एका नमुन्यातून जुळवलेले, एका पिशवीत घालायचे आणि चिठ्ठ्या टाकून वाटायचे. आपला ईसीयू संध्याकाळी शत्रूच्या गाडीत असू शकतो म्हटल्यावर त्यात चोरून काही करायची हौसच मावळते.

इंजिन विकत मागण्याच्या कलमावर मात्र फाटलं. जगात बऱ्याच स्वस्त मालिकांत हा नियम आहे : शर्यत संपल्यावर ठरलेल्या किमतीत कुणीही जिंकणाऱ्याचं इंजिन मागू शकतो आणि त्याला ते द्यावं लागतं. मग कोण वेडा त्या इंजिनावर लाखभर घालील? मी या कलमाच्या बाजूने होतो. विरोधी पक्षाचं म्हणणं : "आपली माणसं पैसे देऊन इंजिन नेतील, पण आयुष्यभर बोलणार नाहीत." मतदान चार विरुद्ध चार. कलम सध्या कंसात आहे.

किमान वजन ड्रायव्हरसकट ६२० किलो. कमी भरलं तर तळाला लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवायच्या. यामुळे ५५ किलोच्या पोराला ९५ किलोच्या माणसापुढे फुकटचा फायदा मिळत नाही.

जिथे आम्ही काटकसर केली नाही ती जागा म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी डोक्यामागची कमान. तिथे चौकोनी पाइप नाही, सांध्याचा गोल पाइपही नाही. ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा, कोल्ड ड्रॉन सीमलेसच. तो दारूखान्याच्या लोखंड बाजारात स्वस्त मिळतो, पण कागदपत्राशिवाय मिळतो, म्हणून कळंबोलीहून बिलासकट आणला. पट्टे, सीट, मोटर रेसिंगचं हेल्मेट आणि न पेटणारा सूट यांचा हिशेब केला तर एका माणसाला लाख-सव्वालाख सहज लागतात, म्हणजे गाडीच्या निम्मे. बाइकचं हेल्मेट चालणार नाही, त्याचं अस्तर आगीसाठी बनवलेलं नसतं. पट्ट्यांवर छापलेली मुदत संपली की तेही बाद. जुने पट्टे "नवेच आहेत हो" म्हणून विकणारे भेटतील, तारीख बघा.

पैशाची गाडी भिशीवर चालते. आठ जण, महिना बारा हजार, हाती शहाण्णव हजार. त्यात एका मेंबरची चॅसिस, कमान आणि इंजिन-गिअरबॉक्स-ॲक्सल एवढं निघतं, बाकीचं ज्याने त्याने. भिशीची जुनी भीती सगळ्यांना माहीत आहे : पहिला नंबर लागलेला माणूस चौथ्या महिन्यात फोन उचलेनासा होतो. त्यावर तोडगा असा की शेवटचा हप्ता येईपर्यंत गाडीची नोंदवही आणि सील क्लबकडे. सीलशिवाय गाडी म्हणजे बागेतलं शोपीस. रस्त्यावर तर ती काढताच येत नाही, आणि मूळ बनावटीत फेरफार केलेल्या गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जे स्पष्ट केलंय ते पाहता कुणी नंबरप्लेट लावायचा विचारही करू नये. आमच्या गाड्या टेम्पोतून किंवा ट्रेलरवरूनच प्रवास करणार.

आणि प्रवास मोठा आहे. जुहूच्या धावपट्टीवर एकेकाळी गाड्यांच्या शर्यती व्हायच्या, आज मुंबईत कुणाला एवढा डांबराचा तुकडा मोकळा दाखवून द्या बघू. तळेगावजवळ नानोलीला आता ट्रॅक आहे, तिथे सरावाच्या दिवसासाठी बोलणी चालू आहेत. मोठ्या शर्यती म्हणजे कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, दोन्ही इथून तेराशे किलोमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे आमच्या गाळ्यापासून जवळ असलेला अहमदाबाद हायवे आणि इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकसमोरचा रस्ता हा एकच, राष्ट्रीय महामार्ग ४८. एका ट्रेलरवर चार गाड्या नेल्या तर भाडं वाटून परवडतं, म्हणून आकडा आठ, दोन ट्रेलर. शर्यत म्हणून भरवायचं तर एफएमएससीआय या देशातल्या मोटर शर्यतींच्या शिखर संस्थेशी संलग्न क्लबामार्फत परवानगी, प्रत्येकाचं लायसन्स आणि वैद्यकीय दाखला लागतो. आमची नियमावली त्यांच्यापुढे ठेवण्याआधी एक वर्ष नुसत्या वेळ मोजण्याच्या फेऱ्या, एका वेळी एकच गाडी. मालिकेला नाव अजून नाही. आलेल्या अकरा सूचनांपैकी नऊंत "वडापाव" आहे.

कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध पिता पिता आठही चिठ्ठ्या एकदमच काढल्या, म्हणजे दर महिन्याची धाकधूक नको. पहिला नंबर ठाण्याला, दुसरा माझा. काकांची चिठ्ठी सातवी निघाली. त्यांनी ती दोनदा उलटून पाहिली, दूध संपवलं आणि म्हणाले, "चालेल. तोवर मी दहा किलो कमी करतो, म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या पुढे." मग ड्रायव्हरसकट वजनाचं कलम त्यांना पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी दुसरा ग्लास मागवला.