कोण रे ते?

सिग्नल लाल. समोरचा आडवा मोठा रस्ता दुपारी दोनच्या उन्हात ओसाड पडलेला, तरी हिरवा त्याचाच. मी लेकाची सायकल घेऊन कोथिंबीर आणायला निघालेला, एक पाय टेकून उभा. एक मिनिट झालं, दोन झाली. पुण्यात असतो तर इकडेतिकडे बघून केव्हाच सटकलो असतो. पण इथे कॅलिफोर्नियात सासऱ्याने सिग्नल मोडला, हे सूनबाईंच्या कानावर गेलं तर? उभा राहिलो.

उभ्या माणसाने बघायचं कुठे? खाली. पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे डांबरात एक गोल ठिगळ होतं, आमटीच्या वाटीएवढं. शेजारच्या लेनमध्येही तसंच. तेवढ्यात मागून एक मोटार आली. मी बाजूला सरकलो, ती बरोबर ठिगळावर थांबली आणि पाच-सात सेकंदांत सिग्नल हिरवा! मग इतका वेळ मी कोण होतो?

संध्याकाळी लेकाने उलगडा केला. रस्त्याला चार इंच रुंदीचं भोक पाडतात, त्यात मुठीएवढी डबी ठेवतात आणि वरून इपॉक्सी ओततात. पृथ्वीचं चुंबकत्व त्या डबीला सतत जाणवत असतं. वर गाडीचं लोखंड आलं की त्याला जराशी मुरड पडते. डबी ते ओळखते आणि तारेबिरेशिवाय, रेडिओवरून, खांबावरच्या पेटीला कळवते. पूर्वी, म्हणजे १९६० च्या दशकापासून, रस्ता करवतून तारेची वेटोळी पुरायचे. ती अजूनही पुष्कळ ठिकाणी आहेत, पण रस्ता खचला की तार तुटते. हा बिनतारी खटाटोप इथून जवळच, बर्कलीत सुरू झाला. त्यात तिथले प्राध्यापक प्रवीण वरैया होते, आणि ते शिकलेले मुंबईत, आपल्या व्हीजेटीआयमध्ये. हे ऐकून मी उगाचच ताठ बसलो. डबीची बॅटरी दहाएक वर्षं चालते म्हणे. मी मनात माझं वय धरून बेरीज केली आणि विषय बदलला.

“मग सायकल का नाही कळली?”

“ॲल्युमिनियमची आहे ना, बाबा. चुंबकाच्या ती खिजगणतीत नाही.”

आणि माझ्या अंगात लोह कमी, हे आमचे डॉक्टर कधीपासून सांगतायत.

यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट जुनी आहे. १९२८ साली बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर नावाच्या रेल्वे सिग्नलच्या इंजिनिअराने खांबावर मायक्रोफोन बसवला. गाडी थांबवायची, हॉर्न वाजवायचा, सिग्नल हिरवा! हा माणूस आपल्याकडे जन्मला असता तर घरोघरी त्याची तसबीर लागली असती. आपण मात्र नेमकं उलटं केलं. मुंबई पोलिसांनी काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रं लावून बघितली आणि २०२० च्या जानेवारीत त्याची चित्रफीत दाखवली. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. वाजवा अजून!

ॲडलरच्याच सुमाराला हेनरी हॉ नावाच्या गृहस्थांनी रस्त्यात धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या. चाकाच्या वजनाने त्या एकमेकींना टेकायच्या आणि गाडी आल्याचं कळायचं. हॉर्नपेक्षा हीच युक्ती टिकली, पुढे तीसेक वर्षं चालली.

ती माझ्या ओळखीची होती. आमच्या वाड्याच्या बोळात एक शहाबादी फरशी सुटलेली होती. पाय पडला की ‘खटक्’. आजीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेले. माजघरात ती वाती वळत बसलेली असायची. खटक् झालं की वात न सोडता म्हणायची, “गवळी आला, पातेलं काढा.” पाटणकर काकूंच्या खटक् नंतर लगेच दुसरा, बारीक खटक् यायचा, कारण त्या लंगडत. वडील आले की ती काहीच बोलायची नाही, नुसता पदर सारखा करायची. मालकांनी दोनदा फरशी बसवून देतो म्हटलं. दोन्ही वेळा आजी म्हणाली, “राहू दे.”

मॅट्रिकच्या वर्षी मी रात्रीचा शो बघून यायला लागलो. चपला हातात, दिंडी अलगद लोटायची आणि फरशीवरून लांब उडी. एकदा अंथरुणापर्यंत सुखरूप पोचलो. अंधारातून आवाज आला, “उडी मारून आलास ना? पाय मुरगळेल एखाद दिवशी.”

कशावरून कळलं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चौकात गेलो. या खेपेला शहाण्यासारखा सायकलवरून उतरलो आणि पायी जाणाऱ्यांसाठी असतं ते खांबावरचं बटण दाबलं. चार वेळा. एकदा पुरतं म्हणे.